तलावावरची बंदूक कोणाची?

मित्रांनो, बंदूक म्हटलं की तुम्ही दोन पावलं मागे सरकता. सरकू नका. मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे. माझ्यात दारू नाही, गोळी नाही, आग नाही. पोटात एक स्प्रिंग आहे, तिच्या तोंडाशी चामड्याची चकती आहे, आणि बाकी सगळी हवा. नळी खाली वाकवली की स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते, हवेला ढकलते आणि हवा छऱ्याला ढकलते. एवढंच माझं बळ. जत्रेत फुगे फोडायला ज्या बंदुका ठेवतात, त्यांची मी दूरची आजी लागते म्हणा.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, पकडीच्या जागी बारीक जाळीची नक्षी, आणि लोखंडाला निळसर काळी झाक. सगळं जुळवून झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला मांडीवर घेतलं आणि नळीच्या मुळाशी ठशांनी माझा नंबर ठोकला. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसंच मला ते वाटलं. माझ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका त्या कारखान्यात पुष्कळ होत्या. तो नंबर मात्र फक्त माझा होता.

तिथून समुद्र ओलांडून मी कोणकोणाच्या हातांतून फिरले, ते सांगत बसत नाही. शेवटी एटापल्लीच्या जंगलात एका सागवान ठेकेदाराच्या मॅनेजरकडे आले. त्याच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर वानरं नाचायची, त्यांना पळवायला त्याने मला आणलं होतं. त्याच ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोत बापूजी नावाचे एक तरुण गृहस्थ कामाला होते. तोडलेल्या प्रत्येक लाकडावर लोखंडी हातोड्याने ठसा मारायचा, हे त्यांचं काम. ते नेहमी म्हणायचे, "ठसा हाय तं माल हाय. बिनठश्याचं लाकूड म्हंजे चोरीचं." मला हा माणूस आवडला. ठशाची किंमत जाणणारा माणूस मलाही जपेल, असं वाटलं.

डेपो बंद झाला. मॅनेजर जाताना म्हणाला, "बापूजी, ही घेऊन जा. मी नेऊन काय करू?" अशा बंदुकीचा कोणी परवाना-बिरवाना विचारायचे ते दिवस नव्हते. बापूजींनी मला घोंगडीत गुंडाळलं आणि वैनगंगेच्या अलीकडच्या आपल्या गावी आणलं.

बापूजींचं घराणं मासेमारांचं. गावाला मोठा जुना तलाव आहे. तिथल्या मासेमार संस्थेने तलावाच्या राखणीचं काम बापूजींना दिलं. पावसाळ्यात संस्था तलावात माशांची बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती सोडली रे सोडली की पाणकावळ्यांचे थवे उतरतात. दिवसभर बुड्या मारून ते अख्ख्या गावाची मिळकत गिळून टाकतात. त्यांना उठवायचं काम माझं.

पण मित्रांनो, मी एकाही पाखराचं पीस उडवलेलं नाही. बापूजींची रीत वेगळी होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उकिडवं बसायचं, थव्याच्या पुढे हातभर मोकळं पाणी बघायचं आणि तिथे छर्रा टाकायचा. 'टप्प' असा आवाज व्हायचा, पाणी उडायचं आणि सगळा थवा फडफडत उठायचा. पुन्हा उतरला की पुन्हा टप्प. कंटाळून पाखरं नदीवर निघून जायची. त्यांचाही जीव वाचायचा, माशांचाही.

ही रीत खरं तर इंदिराबाईंची. त्या बापूजींच्या पत्नी. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, एकादशी, चतुर्थी, आणि सोमवारी उपास. सोमवारी त्या उपासाबरोबर मौनही धरायच्या. संध्याकाळी महादेवापुढे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द नाही. खूणसुद्धा करायच्या नाहीत, कारण खूण करणं म्हणजेही बोलणंच, असं त्या मानायच्या. मला घरात आणलं त्याच दिवशी त्यांनी बापूजींना बजावलं होतं, "पाखरावर नेम धरला तं त्या दिवशी माही चूल पेटनार नाई."

"आन् मंग मी का खाऊ?"

"छर्रे खा."

माझ्या पोटातल्या चामड्याला तेल लागतं, नाहीतर ते वाळून चिरतं. इंदिराबाई मोहाच्या बियांचं तेल थेंबभर सोडायच्या. मला त्या 'बाई' म्हणायच्या. "बाईले तेल पाजलं का?" असं विचारल्याशिवाय बापूजींना पाळीवर जाऊ द्यायच्या नाहीत.

बापूजी म्हणायचे, "माह्यापेक्षा हिचीच काळजी हाय तुले."

"ती उलटून बोलत नाई नं," इंदिराबाई हळूच म्हणायच्या, आणि पदराच्या टोकाने माझा नंबर पुसायच्या. दसऱ्याला मला हळदकुंकू लावतानाही त्या बोट नंबराच्या बाजूने न्यायच्या. नाव झाकू नये, म्हणायच्या.

बापूजी माझे छर्रे चंद्रपूरहून मागवत. माझी नळी मोठ्या तोंडाची. तिला तुरीच्या दाण्याएवढा छर्रा लागतो. हल्लीच्या बंदुकांना लागतो तो बारीक, मुगाएवढा. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

ते दिवस चांगले होते. एका वर्षी मासळी इतकी निघाली की संस्थेच्या सभेत अध्यक्ष सूरजभाऊंनी मला दोन्ही हातांनी वर उचललं. म्हणाले, "आपला तलाव कोनं राखला? बापूजीनं आन् या बाईनं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लाकडाची नि लोखंडाची, पण त्या दिवशी मला अंग असल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, ज्या हातांनी आपल्याला वर उचललेलं असतं ना, ते हात आपण कधी विसरत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

झालं असं. सूरजभाऊंचा भाचा रिंकू याने एक नवी चकचकीत बंदूक आणली. तो तलावावर यायचा, मोबाईलवर स्वतःचे फोटो काढायचा आणि दिसेल त्यावर नेम धरायचा. त्या हिवाळ्यात आमच्या तलावाच्या उथळ काठावर रंगीत करकोचे उतरले होते. उंच पाय, पिवळी चोच, पंखांच्या टोकाशी गुलाबी रंग सांडलेला. इंदिराबाई त्यांना पाहून हात जोडायच्या. एके दिवशी दुपारी पाळीच्या पलीकडून बारीक 'टक्' असा आवाज आला. बापूजींनी मान वर केली.

"ए रिंक्या! का करून राह्यला बे तिथी?"

रिंकू हसत पळाला. दुसऱ्या दिवशी शिंगाडे काढणाऱ्या बायकांना एक करकोचा चिखलात पडलेला सापडला. पंख लोंबत होता. वनखात्याच्या माणसांनी त्याला नेलं. डॉक्टरांनी छर्रा काढला, पण पाखरू वाचलं नाही.

आता चौकशी होणार, हे सगळ्या गावाला कळलं. रविवारी दुपारी सूरजभाऊ आमच्या अंगणात येऊन बसले. इंदिराबाईंनी चहा दिला. चहाला हात न लावता ते म्हणाले, "बापूजी, नवा वनरक्षक येते उद्या. त्याले का सांगनार?"

"का सांगनार म्हंजे? रिंकूनं मारलं. म्या पाह्यलं त्याले पळताना."

"बंदूक पाह्यली का त्याच्या हातात?"

"हातात नाई पाह्यली, पन—"

"मंग झालं. तलावाच्या राखणीवर बंदूक कोनाची हाय? तुमची. संस्थेचा मानूस बंदूक घेऊन बसते, असं कागदावर आलं का तलावाचा ठेका गेला. ठेका गेला तं तुमची राखण बी गेली. मंग या वयात तुमी का सिमेंटच्या गोण्या उचलनार हाय?" सूरजभाऊ आवाज न चढवता बोलत होते. "संस्थेत बंदूक नाई, कधी नव्हती. सगळं गाव हेच म्हननार हाय. तुमी वेगळं बोलू नका."

 मी दाराआड खुंटीला होते. मला वाटलं, आता बापूजी उठतील, मला हातात घेतील आणि म्हणतील, ही पहा हिची नळी, आणि तो पहा तुमच्या भाच्याचा बारीक छर्रा. ते उठले नाहीत. सूरजभाऊ गेल्यावर निवलेला चहा त्यांनीच पिऊन टाकला.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सुरेंद्र आला. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरी करतो. बातमी ऐकून मोटारसायकल पळवत आला होता, अंगावरचे कपडे अजून धुळीने पांढरे होते. आल्या आल्या त्याने मला खुंटीवरून ओढलं.

"बाबा, हिच्यावर नंबर हाय. नंबरावरून मालक सापडते. मोबाईलवर टाकला का सगळं निंगते."

"असं नसते गा," बापूजी म्हणाले.

"तुमाले का ठाऊक? तुमचा जमाना गेला. नंबर नाई तं बंदूक कोनाचीच नाई."

इंदिराबाई पुढे झाल्या. "बाबू, त्याले हात नको लावू. नाव हाय ते तिचं."

"आई, तुह्या बाईसाठी बाप जेलात धाडतं का?"

मी बापूजींकडे पाहत होते. आयुष्यभर लाकडांवर ठसे मारलेला माणूस. बिनठशाचं ते चोरीचं, म्हणणारा माणूस. त्यांना हे सुरेंद्रपेक्षा चांगलं माहीत होतं. ते उठले, कोनाड्यातून कानस काढली आणि मुलाच्या हातात दिली.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. लोखंडाला दुखत नाही म्हणतात. पण त्या म्हाताऱ्या कारागिराने ठोकलेला एकेक आकडा जेव्हा भुशासारखा खाली पडला, तेव्हा मला आपण कोण, हेच कळेनासं झालं. सुरेंद्रने घासलेल्या जागेवर माती चोळली आणि मला गोठ्यातल्या तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, खुपसून ठेवलं. इंदिराबाई आत देवापुढे जाऊन बसल्या.

दुसरा दिवस सोमवार.

नवे वनरक्षक इसरू हे एटापल्लीकडून बदलून आले होते. तरुण, हसतमुख, गावात कोणाला न ओळखणारे. त्यांच्यामागे सूरजभाऊ आणि निम्मं गाव. बंदूक शोधत गोठा बघता बघता इसरूंनी तणस हलवलं आणि माझा दस्ता बाहेर आला.

"हे का हाय?" इसरूंनी मला उचललं. "बापूजी, तुमची का?"

मित्रांनो, त्या घटकेला मी श्वास धरला होता. हवेची बंदूक श्वास धरते तशी. इसरूंच्या खिशात लहानशी डबी होती आणि तिच्यात तो छर्रा होता. तो नुसता माझ्या नळीच्या तोंडाशी ठेवला असता, तर सगळ्या गावासमोर खरं काय ते कळलं असतं. माझ्या निरपराधपणाचा पुरावा माझ्याच तोंडात होता. फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं, हो, आमची आहे, घ्या तपासून.

बापूजी म्हणाले, "मले नाई ठाऊक. कोनं आनून टाकली अशीन."

"तुमच्या गोठ्यात?"

"गोठ्याले दार कुठी हाय साहेब."

इसरूंनी लोकांकडे पाहिलं. "कोनी वळखते का हिले?"

ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे तिथे होते. एक जण खाली पाहू लागला, एक तंबाखू मळू लागला. सूरजभाऊ म्हणाले, "आमच्या गावात असली वस्तू कधी पाह्यलीच नाई बा."

मग इसरू इंदिराबाईंकडे वळले. त्या ओट्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. "बाई, तुमी सांगा. तुमी खोटं नाई बोलनार, तुमच्या कपाळाकडं पाह्यलं तरी समजते."

"त्यायचं मौन हाय आज," शेजारची नीलाबाई लगबगीने म्हणाली. "दिवा लागल्याशिवाय बोलत नाई."

"नुस्ती मान तं हालवा."

इंदिराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मणी सरकत होते. मान हलली नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांना दोष देऊ का? रोज मला तेल पाजणाऱ्या, माझं नाव पुसून लख्ख ठेवणाऱ्या त्या बाई. पण तुम्हाला खरं सांगते, बापूजींच्या 'नाई' पेक्षा मला ते मिटलेले डोळे जास्त लागले.

इसरूंनी मला बेवारस म्हणून नेलं. दिवा लागल्यावर इंदिराबाई काही बोलल्या असतील. मी तेव्हा जीपच्या मागच्या भागात, टायरच्या बाजूला आडवी पडले होते.

त्यानंतर मी वनकार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत होते. तिथे जप्त केलेली जाळी होती, कुऱ्हाडी होत्या, एक तुटलेली सायकल होती. तेल नाही, फडकं नाही. उन्हाळा आला तसं चामडं वाळायला लागलं. सगळ्यात वाईट हे की मी तिथे करकोचा मारणारी म्हणून पडून होते. साफसफाई करणारा माणूस मला पायाने सरकवायचा आणि म्हणायचा, "हे पाखरूमारी."

मग एके दिवशी नागपूरहून उर्वशीताई आल्या. जुन्या शस्त्रांची पारख करणं हे त्यांचं काम. मी हत्यार की नुसती जुनी वस्तू, हे ठरवायला वनखात्याच्या साहेबांनी त्यांना बोलावलं होतं.

"बाई बंदूक पाह्यते?" इसरूंनी हळूच शिपायाला विचारलं.

"बाईच पाहते," उर्वशीताई न वळता म्हणाल्या. "बाप्ये नुसते धरून फोटो काढतात."

त्यांनी मला टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलं. कापडावर, मित्रांनो! आधी नुसतं पाहिलं, बराच वेळ. मग दस्त्यावरची नक्षी बोटाने चाचपली, भिंगातून स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. "खाचा झिजलेल्या नाहीत. म्हणजे हिला कोणी उगाच उघडलेलं नाही. आणि चामड्याला बाजारचं ग्रीस नाही, कसलंतरी झाडाचं तेल आहे. फार मायेने वापरलीय कोणीतरी." त्यांनी कारखाना ओळखला, माझ्या जन्माचं दशक ओळखलं, घोड्याच्या वळणावरून मी कोणत्या घडणीची ते ओळखलं. इतक्या महिन्यांनी माझ्याबद्दल कोणी खरं बोलत होतं.

मग त्यांचं बोट नळीच्या मुळाशी थांबलं.

"हे काय? इथे नंबर असतो."

"नव्हता मॅडम," इसरू म्हणाले.

"होता. कानशीने घासलाय, आणि फार दिवस नाही झाले." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नंबर असता तर संग्राहकांनी हिच्यासाठी भांडणं केली असती. आता बाजारात चोरीची समजतील."

"मंग किंमत काईच नाई?"

"जुन्या बंदुकीची किंमत लोखंडाची नसते. ती कुठून आली आणि कोणाच्या हातात राहिली, त्याची असते. नंबर तर गेला. आता ज्याने ही वापरली, तो माणूस समोर येऊन सांगेल तरच हिचं काही खरं." त्यांनी नळी खाली वाकवून उजेडाकडे धरली. "आणि हिची नळी तर मोठी आहे. तो छर्रा आहे का हो?"

इसरूंनी डबी आणली. उर्वशीताईंनी मुगाएवढा छर्रा माझ्या नळीत सोडला. तो कुठेही न अडता खडखडत दुसऱ्या टोकाने कापडावर पडला.

 इसरूंनी छर्रा उचलून पुन्हा टाकला. पुन्हा पडला.

"हिनं नाई मारलं," ते म्हणाले. "बिचारीले उगाच पाखरूमारी म्हनत होतो आमी."

तोवर बाजारात कोणीतरी इसरूंच्या कानावर घातलं होतं की ती बंदूक बापूजींचीच. त्यांनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बापूजी आले, सोबत इंदिराबाई. बापूजी वाळले होते. इसरूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बापूजी, भिऊ नका. हा छर्रा हिचा नाईच. तुमच्यावर काई गुन्हा नाई. मॅडमले फक्त हिची हकिकत पाह्यजे. तुमची असंल तं हो म्हना, मॅडम सगळं लिहून घेतील. आन् तो बारीक छर्रा कोनाचा, ते बी सांगता येईन तुमाले."

मला वाटलं, आता काय अडचण आहे? वाट मोकळी होती. पण बापूजींच्या डोळ्यांपुढे सूरजभाऊ होते. संस्थेत त्यांनी 'बंदूक आमची नव्हती' म्हणून अंगठा दिला होता. आता हो म्हणायचं, म्हणजे साऱ्या गावासमोर आपण खोटे, आणि तलावाची पाळ कायमची सुटली.

"माही नाई," ते म्हणाले.

उर्वशीताईंनी निःश्वास सोडला. "ठीक आहे. आत ठेवा हो हिला." पण कालपासून उघडीच असलेली नळी मिटेना. मी एकदा तलावाकाठच्या राखणीच्या मचाणावरून पडले होते, तेव्हापासून माझा सांधा असा अडतो. इसरूंनी जोर लावला, शिपायाने गुडघा लावला.

"अरे, मोडून जाईन नं!" बापूजी उठले. त्यांनी मला शिपायाच्या हातातून घेतलं, दस्ता काखेत धरला, डाव्या तळव्याने सांध्याखाली हलकेच टोला दिला आणि उजव्या अंगठ्याने नळी जराशी पिळून वर उचलली. टक्. नळी बसली. त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि माझ्यावरून उतरता उतरता त्यांचा अंगठा सवयीने नंबराच्या जागी गेला आणि तिथे थांबला.

सगळ्यांनी पाहिलं.

"बापूजी," उर्वशीताई फार हळू म्हणाल्या, "बंदूक कोणाची?"

त्यांनी विस्तव धरल्यासारखे हात काढून घेतले. "सगळ्याच बंदुका अशा राह्यते."

तेव्हा इंदिराबाई बोलल्या. शब्द स्वच्छ होते. "आमची हाय, साहेब. एटापल्लीवरून आनली यायनं. बाईले पाखरावर कधी नाई चालवली. पान्यात चालवली, सारा जल्म पान्यात. त्या दिवशी माहं मौन होतं. म्या बोलाले पाह्यजे होतं."

इसरूंनी लेखणी उचलली. बापूजी वळले आणि कसंनुसं हसले.

"तिचं नका लिहू साहेब. उपास करू करू डोस्कं फिरलं तिचं. कालपासून झाडाले बी बाई म्हनते, विळ्याले बी बाई म्हनते." शिपाई हसला. "तिले का समजते बंदुकीतलं?"

मित्रांनो, मला खोटं म्हटलं, ते मी सोसलं. माझं नाव घासलं, तेही सोसलं. पण त्या माऊलीने आयुष्यभर ज्याच्यासाठी उपास केले, त्यानेच तिच्या उपासाची परक्या माणसांपुढे थट्टा केली. स्वतःचं खोटं झाकायला तिला वेडी ठरवलं.

इंदिराबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी पदर सारखा केला, आणि पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी सोमवार नव्हता. ते मौन व्रताचं नव्हतं.

इसरूंनी लेखणी खाली ठेवली. मालकाने स्वतः नाकारलेलं त्यांना मालकिणीच्या नावाने लिहिता येईना.

मी आता त्याच कार्यालयाच्या आवारात, शाळेची मुलं जंगलाची माहिती बघायला येतात त्या खोलीत, काचेच्या पेटीत असते. उर्वशीताईंनी जाण्याआधी माझ्या चामड्याला तेल दिलं आणि पेटीवर पाटी लावून घेतली. तिच्यावर माझा कारखाना आहे, माझं दशक आहे, आणि 'हिने कोणाही पक्ष्याला इजा केलेली नाही' असंही आहे. खाली 'मालक अज्ञात'. इसरू कधीकधी काच पुसताना बोलतात. बापूजी अजून तलावाच्या राखणीवर आहेत, म्हणे. पाणकावळे उतरले की पत्र्याचा डबा बडवतात. पाखरं थोडी उडतात आणि तिथेच पुन्हा बसतात. रिंकूला कोणी काही विचारलं नाही. आणि इंदिराबाईंनी सोमवारचा उपास ठेवलाय, मौन सोडलंय. पण घरात त्यांच्याशी बोलायला कोणी धजत नाही.

मुलांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल. आजोबांचं घड्याळ, आजीचा अडकित्ता, एखादा गंजलेला कंदील. तिला फडकं मारा, थेंबभर तेल द्या, आणि तिच्यावर नाव किंवा नंबर असेल तर तो भीतीपोटी कधी घासू नका. ती कुठून आली, कोणी वापरली, ते मोठ्या माणसांना विचारून ठेवा. वस्तूला स्वतःहून काही सांगता येत नाही. तिच्या बाजूने तुम्हालाच बोलावं लागतं.

माणसांचंही तसंच आहे. चारचौघांत कोणी बोट दाखवून विचारलं, हे कोणाचं, ही तुमची कोण, आणि 'आमची आहे' एवढं म्हणताना तुमची जीभ अडखळली, तर मला आठवा. त्या दिवशी तुमचं मौन असेल, तर मौन मोडा. उपास असेल तर तो उद्या धरा. महादेव थांबायला तयार असतात. ज्याला आपण परकं म्हटलं, त्याला मात्र फार थांबता येत नाही.